मोठ्या भावाचा घोडा, मामांची पेन्सिल आणि एक गाजलेला पेपर

दिवाळीत मामांच्या घरी मंगरूळपीरला गेले होते. सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आलेले. जेवणं झाल्यावर मामेभाऊ मोबाइल घेऊन शेजारी बसला. मुंबईतल्या कुण्या मित्रानं त्याला महालक्ष्मीच्या शर्यतीचं कार्ड पाठवलं होतं.

"ताई, तू एवढं टक्क्याइचं शिकून राह्यली, मंग मले एक घोडा सांगून दे ना."

"कोणता?"

"पैल्या-दुसऱ्या नंबरवाले सारेच खेयतात. मले पंचवीसच्या भावाचा पाह्यजे. एक लागला का बस."

मी हसले नाही. त्याचं कारण माडीवरच्या ट्रंकेत आहे. मामा तरुणपणी लोअर परळच्या एका छापखान्यात कामाला होते. तिथून महालक्ष्मीचं मैदान चालत जाण्याइतकं जवळ. गावी परत आले तेव्हा ट्रंकभर रेसची पुस्तकं घेऊन आले. जवळजवळ प्रत्येक पानावर एका घोड्याच्या नावाभोवती पेन्सिलचा गोल, आणि तो गोल कधीच फेव्हरिटभोवती नाही. त्या गोलांपायी पुढे दीड एकर गेलं. मामांना जाऊन चार वर्षं झाली. घरात त्यांच्याबद्दल दोन मतं आहेत. मामी म्हणते, त्यांना त्याची नशाच होती. माझी आई म्हणते, नशा नव्हती, हिशेब चुकला.

गंमत अशी, की अर्थशास्त्रात नेमका हाच वाद गेली पन्नासेक वर्षं चालू आहे. त्यावरचा सगळ्यात गाजलेला पेपर आईच्या बाजूनं निकाल देतो. आज त्या पेपरबद्दल लिहायचंय. तो चांगला का आहे, आणि माझ्या मते कुठे अपुरा पडतो. मामेभावाचं उत्तर त्यातूनच निघेल.

आधी हँडिकॅप म्हणजे काय ते बघू

आपल्याकडे शंकरपट सगळ्यांनी पाहिलेला असतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पट बंद झाले, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा वैध ठरवला. तेव्हापासून पुन्हा जोरात सुरू आहेत. पटात जी जोडी वेगवान ती जिंकते. चांगल्या जोडीला कुणी मुद्दाम ओझं लावत नाही. त्यामुळे कुठली जोडी भारी हे गावातल्या पोरांनाही आधीच माहीत असतं.

हँडिकॅप शर्यत याच्या बरोबर उलट विचारावर उभी आहे. घोड्याच्या आधीच्या कामगिरीवरून त्याला एक रेटिंग देतात. रेटिंग जितकं जास्त, तितकं पाठीवर वजन जास्त. आपल्याकडे साधारणपणे रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो असा हिशेब असतो. मुंबई-पुण्याच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. तिथे घोड्यांचे वर्ग पाडलेले असतात, उदाहरणार्थ चौथ्या वर्गात २० ते ४६ रेटिंगचे घोडे. म्हणजे त्या शर्यतीतल्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या घोड्यात १३ किलोंपर्यंत फरक पडू शकतो. फेब्रुवारीतली इंडियन डर्बी मात्र हँडिकॅप नसते. तिथे वजन कामगिरीवरून ठरत नाही, त्यामुळे भारी घोडा भारीच राहतो.

हे वजन ठरवणारा जो अधिकारी, हँडिकॅपर, त्याचं स्वप्न एकच: सगळे घोडे एकाच क्षणी विजयरेषेवर यावेत. तसं कधी होत नाही, पण त्याच्या या प्रयत्नामुळे दोन गोष्टी होतात. फेव्हरिट कमजोर होतो आणि शेपटाकडच्या घोड्याला खरोखरच थोडी संधी मिळते. मैदान जितकं मोठं, तितकं हे जास्त.

मग गोष्टी जन्माला येतात. इंग्लंडच्या ग्रँड नॅशनलमध्ये १९६७ साली फोइनाव्हन नावाचा घोडा १०० च्या भावाला जिंकला, कारण एका कुंपणापाशी पुढच्या घोड्यांचा ढीग झाला आणि हा मागे असल्यामुळे वाचला. २००९ मध्ये त्याच शर्यतीत मॉन मोम १०० च्या भावाला आला. २०१५ च्या मेलबर्न कपमध्ये २४ घोड्यांत प्रिन्स ऑफ पेन्झान्स, तोही १०० च्याच भावाला, आणि त्याच्यावर मिशेल पेन, तो कप जिंकणारी पहिली महिला जॉकी. या दोन्ही शर्यती हँडिकॅप आहेत. रेस खेळणाऱ्या प्रत्येकाला ही नावं पाठ असतात. त्याच शर्यतींत १०० च्या भावाचे जे बाकीचे शेकडो घोडे हरले, त्यांची नावं कुणालाच आठवत नाहीत.

आता पेपर

भाषा आधी ठरवून घेऊ. २५ चा भाव म्हणजे १ रुपया लावला आणि घोडा आला तर २५ रुपये नफा, वर आपला १ रुपया परत. हातात २६. म्हणजे असा घोडा २६ पैकी १ वेळा आला, तर आपण ना नफ्यात ना तोट्यात. टक्क्यात ३.८५.

१९४९ मध्ये ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या शर्यतींचे आकडे तपासले आणि दाखवलं, की मोठ्या भावाचे घोडे त्यांच्या भावावरून वाटतं त्यापेक्षा कमी वेळा जिंकतात, आणि लहान भावाचे थोडे जास्त वेळा. म्हणजे लोक कमजोर घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात. याला आता फेव्हरिट-लाँगशॉट बायस म्हणतात. १९७७ मध्ये मुख्तार अली यांनी २०,२४७ शर्यतींवर तेच पुन्हा दाखवलं. निरीक्षणाबद्दल फारसा वाद उरला नाही. वाद उरला तो कारणाचा.

एक गट म्हणाला, लोकांना जोखीम आवडते. भाव बरोबर कळतो, तोटा होणार हेही कळतं, तरी मोठ्या रकमेच्या ओढीनं लावतात. हे झालं मामीचं मत.

दुसरा गट म्हणाला, लोकांना लहान शक्यता नीट मोजता येत नाही. २ टक्के आणि ४ टक्के यांतला फरक मनाला जाणवतच नाही, दोन्ही 'थोडीशी शक्यता' म्हणून एकाच डब्यात जातात. काह्नेमन आणि ट्व्हर्स्की यांचा १९७९ चा प्रॉस्पेक्ट थिअरीचा पेपर या गटाचा आधार. हे आईचं मत.

अडचण अशी, की नुसत्या विनच्या भावावरून दोन्ही मतं सारखीच खरी दिसतात. कुठलाही आलेख काढा, मामीही बरोबर आणि आईही.

एरिक स्नोबर्ग आणि जस्टिन वोल्फर्स यांनी २०१० मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त जो पेपर लिहिला, त्याची खरी हुशारी इथे आहे. त्यांनी १९९२ ते २००१ या काळातल्या अमेरिकेतल्या शर्यतींचा डेटा घेतला. घोड्यांच्या धावा मोजल्या तर ६४ लाख. पहिला निकाल असा: डोळे मिटून कुठल्याही घोड्यावर लावलं तर १०० रुपयांमागे साधारण २३ रुपये जातात. कायम फेव्हरिटवर लावलं तर साडेपाच रुपये जातात. १०० किंवा त्याहून मोठ्या भावाच्या घोड्यांवर लावलं तर ६१ रुपये जातात.

मग त्यांनी विन सोडून जोड-पैजांकडे बघितलं. पहिला कोण आणि दुसरा कोण, दोन्ही क्रमानं सांगायचे, अशा पैजा. कल्पना साधी आहे. ज्याला जोखीम आवडते तो माणूस शेवटची एकूण शक्यता आणि शेवटची रक्कम बघतो, मधल्या पायऱ्यांशी त्याला देणंघेणं नाही. पण ज्याला शक्यता मोजता येत नाही, तो पहिल्या पायरीला चुकतो, दुसऱ्या पायरीला पुन्हा चुकतो, आणि चुकांचा गुणाकार होतो. म्हणजे दोन्ही मतं जोड-पैजांच्या भावाबद्दल वेगवेगळं भाकीत करतात. डेटा कुणाच्या जवळ गेला? चुकीच्या मोजणीच्या. आई जिंकली.

दोन सिद्धांत एकाच आकड्यांत अडकले असतील, तर ते जिथे वेगळं बोलतात अशी जागा शोधायची, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. प्रत्यक्षात अशी जागा सापडणं किती अवघड असतं ते पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळतं. म्हणून या पेपरला मी मनापासून मानते. पण मामांची पुस्तकं समोर ठेवून तो पुन्हा वाचला, तेव्हा तीन ठिकाणी अडले.

पहिली अडचण: 'मोठा भाव' कशाच्या तुलनेत?

पेपर घोड्यांना भावानुसार गटात टाकतो. ५ चा भाव, १० चा, २५ चा, १०० चा. पण भाव एकटा काही सांगत नाही. सहा घोड्यांच्या शर्यतीत २५ चा भाव म्हणजे लोकांनी त्या घोड्याला जवळजवळ सोडून दिलंय. वीस घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये मात्र सगळे घोडे अगदी सारखे असते तरी प्रत्येकाचा न्याय्य भाव १९ झाला असता. तिथे २५ चा घोडा म्हणजे सरासरीपेक्षा जरासा मागे, एवढंच. मामेभावाला तो 'फ्लूक' वाटतो, पण खरं तर तो वर्गातला मधला मुलगा आहे.

दुसरं असं, की अमेरिकेतल्या बहुतेक शर्यती हँडिकॅप नसतात. तिथे क्लेमिंग शर्यती खूप, म्हणजे धावणारा घोडा ठरलेल्या किमतीला कुणीही विकत घेऊ शकतो, आणि त्या भीतीनंच मालक आपला घोडा योग्य पातळीवर उतरवतो. तिथे वजनानं बरोबरी साधायचा खटाटोप कमी. मग तिथला ६१ रुपयांचा तोटा उचलून महालक्ष्मीच्या चौथ्या वर्गाच्या हँडिकॅपवर चिकटवायचा का? माझ्या मते नाही. मराठीत या विषयावर जे थोडंफार वाचायला मिळतं, त्यात हेच होतं. 'संशोधन सांगतं, मोठ्या भावाचा घोडा म्हणजे बुडीत खातं', असं एका वाक्यात मिटवून टाकतात.

याला एक चांगला प्रतिदाखला आहे. १९८८ मध्ये बुश आणि हॉल यांनी हाँगकाँगचे आकडे तपासले, तर तिथे हा बायस सापडलाच नाही. आणि हाँगकाँगच्या बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. पण लगेच खाली बसायला हवं. हाँगकाँगमध्ये प्रत्येक शर्यतीवर लागणारा पैसा प्रचंड असतो, आणि मोठ्या पैशामागे अभ्यास करून खेळणारेही येतात. त्यामुळे बायस हँडिकॅपमुळे गेला की अभ्यासू पैशामुळे, हे या एका दाखल्यावरून सांगता येत नाही. एवढंच म्हणता येतं, की हा बायस निसर्गनियम नाही. मैदान बदललं, पैसा लावणारे बदलले, की तो बदलतो. पेपरचा निष्कर्ष वाचताना ही गोष्ट सुटते.

दुसरी अडचण: तो एक सरासरी माणूस

या पेपरचं मॉडेल असं धरतं, की भाव ठरवणारा जणू एकच प्रातिनिधिक माणूस आहे. गणितासाठी ते सोयीचं आहे, मीही करते. पण मैदानावर तसा माणूस नसतो. तिथे घोड्याच्या तबेल्यातली बातमी असलेला असतो, आकडे मांडून येणारा असतो, बायकोच्या जन्मतारखेचा नंबर लावणारा असतो, आणि छापखान्यातून सुट्टी काढून आलेले माझे मामा असतात.

भाव या सगळ्यांचा मिळून बनतो. त्यावरून 'लोक लहान शक्यता फुगवतात' असं म्हणणं म्हणजे गावच्या सरासरी उत्पन्नावरून एका घराची चूल पेटते की नाही ते सांगणं. शिवाय महालक्ष्मीवर टोटही असतो आणि परवानाधारक बुकीही. टोटमध्ये भाव लोकांच्या पैशातून आपोआप पडतो. बुकी मात्र स्वतः भाव लावतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्युन साँग शिन यांनी दाखवलं, की समोर आतली बातमी असलेले गिऱ्हाईक येऊ शकतात या भीतीनंच बुकी मोठे भाव दाबून ठेवतो. तसं असेल तर बायस तयार व्हायला मामांच्या डोक्यात काही चूक असायची गरजच नाही! स्नोबर्ग-वोल्फर्स यांचा डेटा टोटचा आहे, म्हणून तिथे हे कारण लागू पडत नाही, ते ठीक. पण बुकीकडे खेळणाऱ्या माणसाबद्दल बोलताना त्यांचा निकाल जसाच्या तसा वापरता येणार नाही.

तिसरी अडचण: पेपरला संध्याकाळ दिसत नाही

१९५६ मध्ये मॅकग्लोथलिन यांनी एक निरीक्षण नोंदवलं, आणि काह्नेमन-ट्व्हर्स्कींनीही पुढे त्याचा उल्लेख केला. दिवस सरत जातो तसा लोकांचा कल मोठ्या भावाच्या घोड्यांकडे वाढतो. कारण सोपं आहे. सकाळपासून पाचशे गेलेत, खिशात पन्नास उरलेत, आणि शेवटची शर्यत आहे. फेव्हरिटवर पन्नास लावून पाचशे परत येत नाहीत. परत यायची एकच वाट असते, दहाच्या वरचा भाव.

हा माणूस जोखमीचा शौकीन नाही, आणि त्याला टक्के कळत नाहीत असंही नाही. त्याला फक्त घरी रिकाम्या हातानं जायचं नाहीये. मामांची पुस्तकं मी पहिल्यांदा चाळली तेव्हा गोल कुठल्या घोड्यांभोवती आहेत तेच बघत होते. यावेळी ते कुठल्या शर्यतीत आहेत ते बघितलं. पहिल्या दोन-तीन शर्यतींतले गोल बारीक, नीट काढलेले. शेवटच्या शर्यतीतले जाड, दोन-दोनदा गिरवलेले, एके ठिकाणी कागद फाटेपर्यंत. हा काही पुरावा नाही, एका माणसाची पेन्सिल आहे. पण 'नशा' आणि 'हिशेबाची चूक' या दोनच कप्प्यांत ही पेन्सिल बसत नाही, एवढं मात्र मला कळतं.

मग घोडा निवडायचा कसा?

मामेभाऊ इथपर्यंत वाचणार नाही, पण समजा वाचलं, तर त्याचा प्रश्न बरोबरच आहे. मोठ्या मैदानाच्या हँडिकॅपमध्ये २५ चा घोडा जर मधला मुलगा असेल, तर त्यातला एखादा खरंच चांगला असून दुर्लक्षित राहिलेला नसेल का?

असू शकतो. जाणकार ज्या खुणा सांगतात त्या अडाणीपणाच्या नाहीत. हँडिकॅपरला मागचं दिसतं, पुढचं नाही. त्यामुळे ज्याचं रेटिंग बरेच दिवस घसरत आलंय पण घोडा आता तब्येतीनं सुधारतोय, जो पहिल्यांदाच त्याला जमणाऱ्या अंतरावर धावतोय, जो वयानं लहान आहे आणि अजून वाढतोय, ज्याच्यावर शिकाऊ जॉकी असल्यामुळे वजनात सूट मिळालीय, अशा घोड्याचं वजन त्याच्या आजच्या ताकदीपेक्षा कमी असू शकतं. तर्क बरोबर आहे.

पण या सगळ्या खुणा दोन-तीन दिवस आधी छापून येतात. जी गोष्ट सगळ्यांनी वाचलीय ती भावात आलेली असते. आपल्याला जे दिसतं ते बाकीच्यांना का दिसलं नाही, याचं उत्तर नसेल, तर आपल्याला काही वेगळं दिसलंच नाही. हाँगकाँगमध्ये संगणकी मॉडेल लावून खेळणाऱ्या बिल बेंटरनं १९९४ च्या आपल्या लेखात हेच कबूल केलंय. त्याचं मॉडेल एकटं वापरलं तर ते स्वतःला फार शहाणं समजायचं. लोकांचा भाव मॉडेलमध्ये मिसळला, तेव्हाच त्याचा अंदाज वापरण्याजोगा झाला. म्हणजे जो खरंच जिंकला, तो लोकांना मूर्ख धरून जिंकला नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा हिशेब. समजा, दोन माणसं आहेत. एकाला खरंच नजर आहे, त्यानं निवडलेला २५ च्या भावाचा घोडा १०० पैकी ५ वेळा येतो. दुसऱ्याला काही कळत नाही, त्याचा १०० पैकी ३ वेळा येतो. बरोबरीची रेषा ३.८५ टक्के. म्हणजे पहिला दीर्घकाळात नक्की कमावणार, दुसरा नक्की बुडणार.

दोघांनीही १००-१०० पैजा लावल्या. नफ्यात यायला किमान ४ घोडे यायला हवेत. गणित करून बघा: ज्याला काही कळत नाही तोही अशा १०० पैजांनंतर नफ्यात असण्याची शक्यता ३५ टक्के. आणि ज्याला खरंच नजर आहे तो तोट्यात असण्याची शक्यता २६ टक्के. नजर असलेल्या माणसाचेही सलग ४० घोडे हरण्याची शक्यता १३ टक्के.

पैजा १००० केल्या तरी पहिल्याचे सरासरी ५० घोडे येणार, बरोबरीला हवेत साधारण ३८-३९, आणि नशिबाची वरखाली होते सातेक घोड्यांची. तेवढ्यावरूनही खात्रीनं बोलता येत नाही. वर्षात २० मोठ्या हँडिकॅप निवडून खेळणाऱ्या माणसाला १००० पैजा व्हायला ५० वर्षं लागतील.

म्हणजे मामांना नजर होती की नव्हती, हे मामांना कळणं शक्यच नव्हतं. एका माणसाच्या आयुष्यात तेवढ्या शर्यतीच नसतात. जिंकले तेव्हा वाटलं नजर आहे, हरले तेव्हा वाटलं नशीब नाही, आणि दोन्ही वेळा हातात पुरावा शून्य. लहान शक्यतेचा खेळ शिकवत नाही, हा त्याचा खरा धोका. ज्वारी पेरून चुकलं तर दोन-तीन हंगामांत कळतं. इथे कळत नाही. माझ्या मते चूक मोजणीची म्हणण्यापेक्षा शिकण्याची आहे: जिथे अनुभवानं शहाणं होता येत नाही तिथे मामा अनुभवावर विसंबले. पेपर 'चुकीची मोजणी' म्हणून थांबतो. ती इतकी वर्षं दुरुस्त का होत नाही, हा प्रश्न त्यानं उचलायला हवा होता.

आणि वरून कर

सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय. मामा ते वाक्य अभिमानानं सांगायचे. कौशल्य आहेच. पण कौशल्य असणं आणि फायदा होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय. १०० ची पैज लावायला १४० मोजावे लागले, तर २५ च्या भावाला हातात येतात २६००, आणि बरोबरीची रेषा ३.८५ वरून ५.३८ टक्क्यांवर जाते. वीस घोड्यांच्या मैदानात सरासरी घोड्याची शक्यता ५ टक्के. म्हणजे लोक ज्याला सरासरीपेक्षा कमी समजतात असा घोडा शोधायचा, तो प्रत्यक्षात सरासरीपेक्षा चांगला निघायला हवा, आणि तेव्हा कुठे आपण शून्यावर. वर जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के आयकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. अमेरिकेतला २३ रुपयांचा तोटा याच्यापुढे सवलतच वाटते.

शेवटी घरची गोष्ट

दुसऱ्या दिवशी मी मामेभावाला वीस चिठ्ठ्या करायला लावल्या. प्रत्येकीवर एका घोड्याचं नाव, आणि त्यापुढे त्याला वाटते ती जिंकण्याची टक्केवारी. अट एकच, सगळ्यांची बेरीज १०० व्हायला हवी. पहिल्या फेरीत बेरीज १७० झाली. त्याला सगळेच घोडे आवडत होते. कमी करत करत १०० वर आणायला दीड तास गेला, आणि त्याचा लाडका घोडा ८ टक्क्यांवरून ३ वर आला.

"म्हंजे ह्यो नाही लावायचा?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "तुले कायले लावायचा हाय, ते सांग आधी."

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबाचं दीड एकर."

म्हणजे त्याच्यासाठीही ही शेवटचीच शर्यत होती. सकाळपासून हरलेला माणूस तो नव्हता, त्याचा बाप होता. हरल्याचा हिशेब एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाऊ शकतो, हे मी कुठल्याही पेपरात वाचलेलं नाही. ६४ लाख धावांच्या डेटात प्रत्येक शर्यत संध्याकाळी संपते. आमच्या घरात ती संपली नव्हती.

आईला मी पेपरचा निकाल सांगितला, की तुझं मत बरोबर निघालं, चूक मोजणीची होती. ती खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "असू दे. पण मामीले सांगू नको. नशा होती म्हणते तोवर तिले त्याहीचा राग येते. चूक होती म्हटलं तर मंग तिले रडू येईन."

चिठ्ठ्या अजून ट्रंकेवर ठेवल्या आहेत. शर्यत झाली, निकाल लागला. मामेभावानं पैसे लावले नाहीत, आणि त्याचा घोडा कितवा आला ते मी मुद्दाम बघितलं नाही. आला असता तरी किंवा नसता आला तरी, त्या एका निकालावरून आम्हाला काहीच कळलं नसतं.